साधा मजकूर

हर्षाली नन्नावरेनं पेनड्राइव्ह काउंटरवर ठेवला,
रबरबँड गुंडाळलेला, टोपण हरवलेला.
आत एकच फाइल. चारशे केबी.
सिंदेवाहीच्या बसस्टँडसमोर माझं दुकान,
इथं लग्नपत्रिकेचा एक फोटोही याहून जड येतो.

“आज्याची वही टाइप केली,” ती म्हणाली.
“आता त्याचे डोरे गेले. त्याले आयकू येईल असं करून द्या.
अन् खाली अक्षरंही चालू द्या, माझ्यासाठी.”

उघडली तर प्रश्नचिन्हं.
बांधीत पऱ्हे रोवल्यासारखी
ओळीमागून ओळ, प्रश्नचिन्हं.
एन्कोडिंग बदललं, तेव्हा कुठं उगवलं:

५ ऑगस्ट. तरा भरला. सांडव्याले दोन बोटं कमी.
६ ऑगस्ट. तुडुमाचं वरचं भोक उघडलं.
७ ऑगस्ट. खालच्या पाटाचे लोक भांडले.

सत्तावीस वर्षं, मृगापासून कापणीपर्यंत,
देवाजी नन्नावरे तलावाच्या पाळीवर बसून
पाणी मोजत होता, दिवसाला एक ओळ.
ना ठळक, ना तिरपी, ना रंग.

मी मजकूर यंत्राच्या तोंडी दिला.
बाईचा आवाज. मराठीत तेवढा एकच होता.
कधी उन्हात न आलेली ती बाई
म्हणाली, “तारा भरला,”
आणि क्षणभर माझ्या दुकानात
आकाश सांडव्यापर्यंत चढलं.
मग मी उच्चार दुरुस्त केला. करायलाच हवा होता.

प्रत्येक ओळीपुढं वेळ लावली,
शून्य तास, शून्य मिनिटं, तीन सेकंद,
मागं वहीच्या पानांचे फोटो,
कोपऱ्यात कुठं चहाचा, कुठं चिखलाचा डाग.

शनिवारी म्हातारा स्वतः आला.
हेडफोन फेट्यावरूनच चढवला.
बराच वेळ बोटं गुडघ्यावर पाणी मोजत राहिली,
मग हात वर झाला:
“थांबव. इथं नऊ दिवस होते.”

फाइलमध्ये पाहिलं.
बारा सप्टेंबर. खाली नऊ कोऱ्या ओळी. बावीस सप्टेंबर.
वहीतलं रिकामंही हर्षालीनं इमानानं उतरवलं होतं,
यंत्रानं ते एका श्वासात गिळलं होतं.
त्या नऊ दिवसांत काय झालं, मी विचारलं नाही.
हर्षाली चपलेच्या अंगठ्याकडं बघत होती.
तोच म्हणाला,
“लिवलं नाई म्हनून का पानी थांबलं होतं?”

मी नऊ सेकंदांची शांतता घातली.
त्यानं ऐकली अन् विचारलं, “लाइन गेली का?”

म्हणून रविवारी गाडी काढून पाळीवर गेले.
मोबाइल तुडुमाजवळ धरला.
बेडूक, कुणाचा तरी खोकला,
लाकडी गुट्ट्याखालून झिरपणारं पाणी.
नऊ तुकडे केले. नऊ ठिकाणी लावले.

पंधरा वर्षं दुकान चालवते, मला माहीत होतं,
कच्च्या आवाजात बोललेला सेकंद अन् न बोललेला सेकंद
सारखीच जागा खातात.
तरी मी दोन्हींचा आकार पुन्हा तपासला.

सगळी मिळून दोनशे बारा एमबी.
सव्वातीन तास बसून त्यानं सगळी ऐकली.
हेडफोन काढला, पुसला, मांडीवर ठेवला.
“सत्त्याण्णव साली तीन बोटं लिवले ना,
ते खोटं हाय. दोनच होते.
भांडन नको म्हनून एक वाढवलं.”

“असू दे ना आज्या,” हर्षाली म्हणाली.

व्हिडिओत बोटं कमी करता येत नाहीत.
मी तो बंद केला, साधी फाइल उघडली,
सत्त्याण्णव शोधलं.
ओळीच्या टोकाशी कर्सर लुकलुकत होता.
मी तिनाचा आकडा खोडायला गेले, तर म्हणाला,
“तीन राहू दे. खाली दोन लिव.”

लिहिलं. साठवलं.
पुन्हा पहिल्यापासून रूपांतर लावलं.
चार टक्क्यांवर खरंच लाइन गेली,
इन्व्हर्टर कुरकुरला,
आणि म्हातारा हसून म्हणाला, “बसतो.”