सोपो

शुक्रवारी पहाटे पाचला
म्हापशाच्या बाजारात माणसांपेक्षा टोपल्या जास्त असतात.
पावतीबुक काखेत मारून मी निघतो.
बसलेल्या जागेचा पैसा, त्याला आमच्याकडे सोपो म्हणतात:
चार फूट जमीन, एक दिवस, एक चिटोरं.
आजोबाही हेच करायचे.
त्यांच्या पावत्यांवर पोर्तुगीज अक्षरं होती,
भांडणं मात्र कोकणीतच.

इथं गाव मालाला चिकटून येतं.
मयड्याची केळी, हळदोण्याची मिरची, आगशीची वांगी.
त्या गावी कधी न गेलेली माणसंही
वासावरून सांगतात, ही तिथली नव्हे.

नऊनंतर कळंगुटहून बस येते.
गाईड छत्री उंचावून सांगतो, ऐतिहासिक बाजार!
गेल्या शुक्रवारी तो तीनशे वर्षांचा होता,
आज साडेचारशेचा.
चालायचंच. भाव काय फक्त नारळाचे चढतात?

अकराव्या खांबापाशी
पिएदाद फेर्नांदिश बसायची, चोरिसाच्या माळा घेऊन.
जपमाळेसारख्या त्या मोजायची,
मध्येच गिऱ्हाइकाला शिवी, की पुन्हा पहिल्या मण्यापासून.
तिची जागा तीन शुक्रवार रिकामी.
डावीकडे केळीवाली द्वारका, उजवीकडे मिरचीवाली क्लेमेंतीन.
वीतभर जागेसाठी एकमेकींचं कूळ काढणाऱ्या या दोघी,
पण मधल्या चार फुटांत
कुणाची टोपली सरकली नाही.
उपडं खोकं तसंच. त्यावर तेलाचा तांबडा डाग.

आज त्या खोक्यावर एक गोरी बाई बसली.
उन्हानं लाल झालेली, बाटलीतलं पाणी प्यायली,
बुटाची नाडी सोडली.
द्वारकाचा हात घडावर थांबला.
क्लेमेंतीननं तराजू खाली ठेवला.

मला काय झालं कोण जाणे,
मी पावती फाडली.
वीस रुपये.
बाईनं गाईडकरवी विचारलं, गावात यायचं तिकीट का?
म्हटलं, नाही.
बसायचं.
ती खूप हसली, पैसे दिले,
पावतीची घडी करून पासपोर्टात ठेवली.

बस गेल्यावर बुकातली स्थळप्रत पाहिली.
सवयीनं लिहिलं गेलं होतं:
पिएदाद फेर्नांदिश, खांब अकरा.

म्हणजे आजचा तिचा सोपो भरला गेला,
आणि तिचं नाव
विमानात बसून कुठल्या थंड गावाला निघालं.
त्या गावातही असेल एखादा बाजार,
फरसबंदी चौक, दगडी घड्याळ,
आणि बसलेल्या जागेचे पैसे मागणारा माझ्यासारखा कुणी.

द्वारकाला सांगितलं.
"बरें जालें," ती म्हणाली, वर न बघता.

संध्याकाळी परत फिरताना दिसलं,
तिचा केळ्यांचा घड
बोटभर, फक्त बोटभर,
रेषेच्या पलीकडे.

क्लेमेंतीननंही पाहिलं होतं.
आम्ही दोघंही काही बोललो नाही.
मी बुक मिटलं.