नाळ

होडीच्या पुढच्या टोकाला आबा नाळ म्हणतात.
वाघोटणच्या खाडीत होडी उतरायच्या आधी
उकिडवे बसून, एक डोळा मिटून
ते नाळेकडे बघत राहतात. विडी विझेपर्यंत.
माझ्या नाकाकडे त्यांनी असं कधी बघितलं नव्हतं.

बाकी सगळ्यांनी बघितलं.
टोकाला सुपारी आहे, असं शाळेत म्हणायचे.
पाहुणे काहीच म्हणायचे नाहीत,
पोहे संपवून गाडीला स्टार्टर मारायचे.
लग्नाची सुपारी काही फुटली नाही,
म्हणून एकतिसाव्या वर्षी पतपेढीतली ठेव मोडून
पुण्यात ही फोडून घेतली.

प्लास्टर निघालं तेव्हा डोळ्यांखाली निळं होतं,
तरी आरशात मी इतकी सुंदर होते
की रिक्षावाल्याकडे सुट्टे परत मागितले नाहीत.
मग सूज उतरली. आठ महिने उतरतच राहिली,
ओहोटीला खडपं उघडी पडावीत तशी.
कपड्याच्या चिमट्यात धरल्यागत टोक आवळलं.
श्वास ओढला की नाकपुड्या आत यायच्या,
ओलं शीड डोलकाठीला चिकटावं तशा.
सकाळी जीभ सुक्या बांगड्यासारखी.
नाव सुगंधा,
आणि बोंबील कुठल्या दोरीवर वाळतायत
ते डोळ्यांनी शोधायचं.

वैनी म्हणाली, देवान दिलेला नाक कापून इलंस.

कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंनी
औषधाच्या चिठ्ठीमागे पेन्सिलीने काढून दाखवलं:
या दोन कूर्चा, कमानीसारख्या.
शेंडा यांच्यावर उभा असतो. तुमच्या जास्त कापल्यात.
आता काढायचं काही नाही, घालायचं आहे.
कानामागून घेऊ, पुरलं नाही तर बरगडीतून.
पण वर्षभर थांबा, वण अजून कच्चा आहे.
चांगलं होईल ना?
श्वास येईल, म्हणाल्या. टोक उभं राहील.
आरशाचं मी काही सांगत नाही.

इतकं सरळ माझ्याशी
माझ्या नाकाबद्दल कोणी बोललं नव्हतं.

त्या वर्षात आबांनी दोन होड्या बांधल्या.
तिसरी मुणग्याहून दुरुस्तीला आली,
कुणा सुताराने तिची नाळ हौसेनं तासलेली.
मी विचारलं, आता हिचं काय करणार?
"तासलेला परत येना नाय.
दुसऱ्या खंयचा तरी लाकूड हाडूक व्हया.
जात येगळी आसली तरी चलता,
वाक बरोबर व्हयो."
मला मुद्दाम सांगितलं की सहज,
मी विचारलं नाही.

डावा कान. वाटीसारख्या खोलगटातून
नखाएवढा तुकडा.
सुपारी, सुपारी, असं वर्षानुवर्षं ऐकलेला तो तुकडा
आता सगळ्यांच्या तोंडासमोर उभा आहे.

अठरा महिने झाले. शेंडा अजून बधीर.
काल त्यावर डास बसला, तो आईला दिसला.
उजवी नाकपुडी डावीपेक्षा तांदूळभर वर.
फोटोत कळतं.
मला फोटोशिवायही कळतं.

परवा आबा नव्या होडीला मुशीचं तेल चोळत होते.
डबा घेऊन मी उतरले, आणि वीस पावलं आधीच
तो वास आला,
उग्र, कुजका, घशात जाऊन बसणारा.
डबा वाळूत ठेवून मी उभीच राहिले.
पुन्हा ओढला. पुन्हा आला.

आबांनी हात पुसले. एक डोळा मिटला.
"वारो येता-जाता मां?"
येता, म्हटलं.
"मगे जेवाक वाढ."