गुरुवार, तीन ते सहा

गुरुवारी तीनला यास्ना येते,
एकशे बासष्ट पायऱ्या चढून, धापा टाकत,
गळ्यात नगरपालिकेचा बिल्ला, पिशवीत लोकरीचे गुंडे.
"जा आता, सेन्योर एलेउतेरियो," म्हणते,
"सहापर्यंत तोंड दाखवू नका."

पहिल्या गुरुवारी मी गेलोच नाही.
दाराबाहेर उभा राहिलो, भिंतीच्या पत्र्याला कान लावून,
नेलिदा रडतेय का ते ऐकत.
रडली नाही.
खरं सांगू? मला राग आला.

दुसऱ्या गुरुवारी टेकडीच्या चौथ्या वळणापर्यंत.
तिथल्या बाकावर बसलो तो झोपलोच.
कुत्र्यानं बूट हुंगला तेव्हा जाग आली.
दोन वर्षांत एवढी सलग झोप नव्हती.
रात्री ती उठते, कपाटातला एकेक झगा बाहेर काढते,
उसवते, पुन्हा शिवते
सुईशिवाय.
सुया मी लपवल्यात, त्यालाही आता आठ महिने झाले.

नंतर एकदा न्हाव्याकडे.
"कसे आहात?" त्यानं विचारलं.
"दूध पिते. परवा पडली, पण लागलं नाही," मी म्हणालो.
कात्री थांबली.
तो काही बोलला नाही,
कानामागचे केस मात्र जरा जास्तच वेळ कापत राहिला.

एकतीस वर्षं मी वाल्पाराइसोच्या बंदरात क्रेन चालवली.
उचलणं काय, कुणालाही जमतं.
कसब टेकवण्यात.
वजन कधी उतरलं ते धक्क्याला कळताही कामा नये.
नव्या पोरांना शिव्या घालून शिकवलं हे.

आज मासळीच्या धक्क्यावर बसलो होतो.
चीज भरलेली एम्पनाडा खाल्ली, चटका बसेल इतकी गरम,
आधी कुणाला न भरवता.
समुद्रसिंह एकमेकांच्या अंगावर लोळत होते,
त्यांना काही काम नव्हतं. मलाही.
लाज वाटली नाही,
निदान साडेपाचपर्यंत.

सहाला घरी. नेलिदा खिडकीत,
केस विंचरलेले, ओठांवर यास्नाची लाली.
एरवी मी असतो "तो माणूस":
हा आपल्या स्वयंपाकघरात बटाटे का सोलतोय
म्हणून ती संशयानं बघत राहते.
आज हळूच म्हणाली,
"बसा. पण फार वेळ नाही हं.
माझा नवरा बंदरावर गेलाय. सहाला सुटते त्याची पाळी."

यास्ना कोट घालता घालता थबकली.
मी टोपी काढली, खुर्ची ओढली.
"कसा आहे हो तुमचा नवरा?"
"उशीर करतो," ती म्हणाली. "पण येतो."

खाली जहाजांवर दिवे लागत होते.
आम्ही दोघं
त्याची वाट बघत बसलो.