सात द्रम्म

शहापुरात, सराफ गल्लीत
भुजंग पोतदाराच्या दुकानाची पाटी रंगवली
तेव्हा मजुरीत चाळीस रुपये कमी पडले.
त्यानं आटणीच्या डब्यातून एक तुकडा काढून
माझ्या तळहातावर टेकवला:
"राणीछाप नव्हे, बादशाही नव्हे.
मोडीतच घालणार होतो. घेऊन जा की.
दाढीवाला कोण हाय काय की."

दाढीवाला इराणकडचा निघाला. पार्थियाचा राजा.
एवढं कळायला मला अकरा वर्षं लागली
आणि हुबळीच्या एका निवृत्त पोस्टमास्तरांची सतरा पत्रं.
त्यांनीच लिहिलं, याला द्रम्म म्हणा,
आपला दाम त्यातूनच झिजून आलाय.
पुढचे सहाही त्यांच्याकडूनच घेतले, हप्त्यानं.
"चांदीच घ्यायची होती
तर पैंजण काय वाईट होते?" इंदुमती म्हणाली,
खरं भिंग तिनंच आणून दिलं, खडेबाजारातून.

कोटाच्या बटणाएवढा आकार, वजन पावणेचार ग्रॅम.
राजाच्या कपाळावर चामखीळ.
ती त्यानं कोरू दिली!
मी कापडावर जेवढे पुढारी रंगवले
त्यातल्या एकानं सुरकुती ठेवू दिली नाही.
मागच्या बाजूला स्टुलावर बसलेला धनुर्धर,
त्याच्या चहूबाजूंनी ग्रीक अक्षरं:
राजांचा राजा, अर्साक, न्यायी, असं बरंच.
राजा कुणीही असो, नाव अर्साकच.
दुकान विकलं तरी पाटी तीच, तसं.

एका रात्री दिवे गेले होते.
मेणबत्तीपाशी सातही ओळीनं मांडले, जुन्यापासून नव्याकडे,
आणि अंगावर काटा आला.
पहिल्यावर अक्षरं ठसठशीत.
तिसऱ्यावर एका गोलाचा चौकोन झालेला.
पाचव्यावर उभ्या काड्या, ठिपके.
सातव्यावर नुसतं कुंपण.
वापरून झिजलेलं नव्हतं ते. ठसाच तसा होता.
कोरणाऱ्याला ग्रीक येत नव्हतं.
बापाचं बघून त्यानं कोरलं,
बापानं आज्याचं बघून.

मला हा माणूस माहीत होता.

पाट्या कन्नडमध्ये करून द्या म्हणाले त्या वर्षी
मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं.
लोक कागदावर लिहून आणायचे,
मी चौकटी आखून वेलबुट्टी उचलावी तसं उचलायचो.
वळण झकास यायचं. अर्थ गिऱ्हाइकाचा.
वडगावात ईरण्णा कोरीच्या डेअरीवर
'हालु' लिहायचं होतं, दूध.
मी 'हाळु' लिहिलं. म्हणजे नासलं, वाटोळं झालं.
तीन फूट उंच, निळ्यावर पांढरं,
सावलीसकट.

दोन दिवस लोक बघायला येत होते.
ईरण्णा रागावला नाही.
त्यानं दुधात बोट बुडवलं
आणि काउंटरच्या फरशीवर काढून दाखवलं:
हा ल. हा ळ. तुमच्यातबी हायत की दोन्ही.
पुसलं, परत काढलं.
माशा बसेपर्यंत आम्ही तिथंच.
मी कन्नड वाचायला लागलो ते त्या फरशीवरून.

सातव्या द्रम्माच्या त्या कारागिरासाठी
कुणी दुधात बोट बुडवलं नाही.
किंवा बुडवलं असेल,
आणि तो म्हणाला असेल, राहू दे,
राजालाही कुठं वाचता येतंय.

आता फ्लेक्स आले. माझा हात थरथरतो.
भुजंगचा नातू परवा फोनवर भाव बघून म्हणाला,
"काका, सात मिळून सव्वीस ग्रॅम, आज चांगला दर हाय."
मी हसलो. चहा प्यालो.
घरी येऊन शेंदरी रंगाचा रिकामा डबा उघडला,
सातवा काढून भिंगाखाली धरला.

स्टूल माझ्या स्टुलासारखंच आहे, तीन पायांचं.
पाठ थोडी वाकलेली, एक हात पुढे.
त्या हातात धनुष्य आहे
असं पोस्टमास्तरांनी लिहिलंय.
बाण मात्र कुठंच दिसत नाही,
आणि तो ज्या कुंपणाकडे बघतोय
तिथं अजून काहीतरी लिहायचं राहिलंय.