तीन मिनिटं

सुनावणी, अनुक्रमांक अकरा.
नाव : लेरलीन विटन.
पत्ता : नदी.
मी म्हटलं, घर नंबर?
ती म्हणाली, लिहा की बाई,
अजून पुरती आटलेली नाही.

नगरगृहातला पंखा करकरत होता.
बशीत खोबऱ्याचा कीस लावलेले केक, त्यांवर माश्या.
बाहेर बेचाळीस अंश, तरी खिडक्या लावलेल्या,
कारण वारा नदीकडून होता
आणि नऊ दिवसांपूर्वी मेलेल्या माशांचा वास
काचेला जुमानत नाही.

माझं काम एकच, बोललं जाईल ते टाइप करायचं.
कापूस कंपनीचा माणूस चाळीस मिनिटं बोलला.
गिगालिटर, टक्के, सरासरी :
बोटं कुठे अडली नाहीत.
मग अध्यक्षांनी घड्याळ पाहून तिला दिली
तीन मिनिटं.

तिने गिटार काढली. पाचच तारा.
क्लेम काकाची गिटार,
मेंढ्या कातरायच्या शेडमध्ये
एका मोसमाच्या मजुरीऐवजी मिळालेली.
"हे निवेदन आहे का?" अध्यक्षांनी विचारलं.
"आहे. आमची निवेदनं चालीवर असतात,
फाइल हरवली तरी चालतं."

अर्धे शब्द तिचे, ट्रक चालवताना जुळवलेले,
अर्धे आजीच्या बोलीतले,
जे मला टाइप करता येईनात.
त्यात होतं
कुठल्या वळणाला तळ खोल आहे,
कुठलं झाड फुललं की
पिवळ्या पोटाचा मासा प्रवाहावर चढतो,
होडीसाठी साल काढलेला तो लाल गम कुठे आहे
(त्याच्या व्रणात एक झोपलेला माणूस मावेल)
आणि पाणी त्याच्या मुळांना
कधीपासून शिवलेलं नाही.
कोपऱ्यातल्या तरुण जलतज्ज्ञाने लॅपटॉप मिटला
आणि कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर
रेघ काढायला घेतली, वाकडी, नदीसारखी.

तिसऱ्या कडव्यात ती थांबली.
हात चालू, तोंड बंद.
चार ठोके. मग पुढचं वळण.
आणि पुन्हा तसंच.
मला वाटलं, विसरली.
जलतज्ज्ञाची पेन्सिल अडली.
"या दोन वळणांच्या मध्ये काय आहे?"
तिने तळव्याने तारा दाबल्या.
"जे आहे ते माझं नाही.
एल्वा मावशीचं आहे. तिने मलाच अजून दिलेलं नाही,
तुम्हाला कुठून देऊ?"
मागच्या रांगेत एक काठी
फरशीवर वाजली. एकदाच.

घंटा झाली.
अध्यक्ष म्हणाले, थोडक्यात, मागणी काय?
"वरून पाणी सोडा."

इथे माझी बोटं अडखळली.
माझ्या भाषेत पाणी सोडणं म्हणजे
ओंजळीतून धार धरून म्हणायचं, हे आता माझं नव्हे.
ती तर नेमकं उलटं म्हणत होती.
मी इंग्रजीत टाइप केलं, तिथे शब्दाला
असलं काही चिकटलेलं नव्हतं.

रात्री मोटेलच्या खोलीत इतिवृत्त साफ केलं.
कंपनीची चौदा पानं.
गाण्याला नियमाने एकच शब्द : गायन.
मी त्याखाली घातलं,
शांतता, चार ठोके.
आणि पुन्हा, शांतता, चार ठोके.
वरच्यांनी ते ठेवलं की खोडलं,
कोणी कळवलं नाही. मीही विचारलं नाही.

सकाळी निघताना काठावर ती दिसली,
गुडघाभर चिखलात, तोंडाला रुमाल,
पाच-सहा पोरांबरोबर जाळं ओढत.
जाळ्यात कॉड, माणसाच्या मांडीएवढे, पांढरे फटक.
ती ओळ सांगायची, पोरं ओढत म्हणायची,
चुकायची, ती शिव्या घालून पुन्हा म्हणून घ्यायची.
मधली जागा आली तशी सगळ्यांत धाकटीने
ला ला ला भरलं.
लेरलीनने जाळं सोडलं.
"तिथे नाही गं. तिथे ऐकायचं असतं."

पोरं उभी राहिली.
मी गाडीची काच खाली केली.
आधी वास आत आला.