मोळी

पौषात सुर्ल्याच्या पठारावर पहाटे
पुढे चालणारी जनाय दिसत नाही,
ऐकू येते.
कमरेच्या आकडीतला तिचा कोयता
पावलागणिक लाकडावर आपटतो, टक् टक्.
त्या आवाजाच्या मागे मी,
धुक्यात एक हात पुढे धरून.

दंव चपलेत शिरतं.
बोटं आधी दुखतात, मग दुखायची थांबतात.
आमच्याकडे थंडी पडते
हे खाली वाळपईतसुद्धा कुणाला पटत नाही.
कंडक्टर शर्टाचं वरचं बटण सोडून हसतो :
गोव्यात? थंडी?

मेलेलं तेवढंच घ्यायचं.
हा कायदा जंगलखात्याचा,
त्याच्याही आधी जनायचा.
ती फांदीला नख लावून बघते;
आत हिरवं दिसलं
तर निजलेल्या पोराच्या अंथरुणापासून उठावं
तशी, आवाज न करता, मागे सरते.

किंदळ घे, सांगते, सकाळपर्यंत निखारा राखते.
सावर नको, नुसता धूर आणि बढाई.
बिब्ब्याला तर हात लावू नकोस.
एकीने हळदीच्या आदल्या रात्री चुलीत घातला
आणि तोंड सुजवून बसली पाटावर,
नवऱ्याने ओळखलंच नाही.
ती एक कोण, मी विचारत नाही.
जनायच्या भुवईपाशी अजून काळा डाग आहे.

गेल्या वादळातला ऐन आडवा पडलाय.
पहिले घाव उडून परत येतात,
मनगटात झिणझिण.
दहाव्याला शाल निघते,
विसाव्याला बोलणं.
मग फक्त ढलप्या,
आणि त्यांचा तो तुरट, ओलसर वास
जो रात्री भाताच्या घासालाही येतो.

उक्षीचा वेल पिळून, गुडघा रोवून
गाठ मारायची.
मोळी एकटीला बांधता येते,
एकटीला वाहता येते,
एकटीला उचलता येत नाही.
जनाय माझी उचलून देते, चुंबळीवर बसवते,
स्वतःची मात्र बेचक्यात टेकवून
खाली वाकते आणि झाडाकडूनच घेते,
जसं काही ते झाड तिची जाऊ.

नाक्यावर नवा गार्ड.
काणकोणचा आहे म्हणे, समुद्राकडचा,
कानाला निळा मफलर, दात वाजतायत.
उतरवा, म्हणतो.
आम्ही उतरवतो.
तो एकेक लाकूड टोकाशी मोडून बघतो,
हिरवं शोधतो,
आणि त्याच्या मागे त्याची शेकोटी :
ओली पानं, कालचा पेपर,
अर्धी काडेपेटी संपलेली.

जनाय ती शेकोटी बघते.
कुणाचा वाईट संसार बघावा तशी.
"पुता, अशी आग पेटचीना,"
म्हणते आणि उकिडवी बसते,
त्याच्या पानांवर पाय देऊन ती बाजूला सारते,
माझ्या मोळीतून दोन काढते, स्वतःच्या दोन,
काटक्यांचं घरटं करते, फुंकर घालते
एकदा, लांब,
डोळे मिटून.

तो वहीत काहीतरी लिहायला लागला होता.
पेन थांबलं.
हात आपोआप आगीकडे गेले,
वहीसकट.

निघताना अडचण झाली.
चेकपोस्टपाशी झाड नाही,
आणि शेकल्यावर जनायची कंबर धरली होती.
त्याने रस्त्याच्या दोन्ही बाजू पाहिल्या.
धुकंच धुकं.
मग टोपी काढून जीपवर ठेवली
आणि मोळी उचलली, आधी तिची, मग माझी.
चुकीची धरली, वेलाला.
जनाय म्हणाली, खालून धर रे.
त्याने खालून धरली.

पुढे वळणापर्यंत आम्ही बोललो नाही.
चार लाकडांनी किती फरक पडतो
ते मानेला कळतं.
मागे कुठेतरी
किंदळ तडतडत होती,
आणि धुक्यात, पुढे,
टक् टक्.