अपसव्य

जिल्हा परिषदेची दुर्बीण औशात पोचली
तेव्हाच तिच्या भिंगावर ओरखडा होता,
त्यामुळे आमच्या गुरूच्या गालावर
कायमचा एक केस.

साडेसातला लाइट जाते. गच्चीवर सातवी ब ची रांग,
कानटोप्या, नाकं ओढण्याचे आवाज,
शेजारी कुणीतरी अंधारातच भाकरी थापतंय.
एकेक जण डोळा लावतो, मोजतो:
एक, दोन, तीन, चार.
चौघं एका रेषेत, तपासणीच्या दिवशी बसवल्यासारखे.

'बाकीचे कुठायत, मॅडम?' वैजनाथ विचारतो.

आहेत. ढिगानं आहेत.
त्यातला एक तर एवढासा
की या टोकापासून त्या टोकापर्यंत कोसभरही भरायचा नाही.
गोल नाही. गोल व्हायला वजन लागतं, बाळा.
नांगराला अडकून निघालेल्या धोंड्यासारखा,
किंवा रताळं म्हण.
तो घरचा नाही. कुठूनतरी कुठंतरी निघाला होता;
गुरू तेव्हा ओला होता अजून, अंगाभोवती धुकं,
त्या धुक्यात याचा वेग रुतला.
राहिला.
कदाचित मोठा होता आधी, फुटला. त्याचे तुकडे
त्याच वाटेनं मागंपुढं फिरतात,
ओळख नसल्यासारखे.
एका फेरीला दोन वर्षं.
आणि हे चौघं जातात त्याच्या उलट.

'तिथं उडी मारली तर?'
तर खाली येणार नाहीस.
रांग हसते. वैजनाथ हसत नाही.
'अन् तिथून गुरू केवढा दिसतो?'
आपल्या पुनवेच्या चांदापेक्षा लहान.
एवढ्याशा टिकलीनं धरून ठेवलंय त्याला.

उलटं म्हटल्यावर कुजबुज.
देवळात उलटी फेरी घालत नसतात.
कुणाच्या तरी आजोबांच्या तेराव्याला
भटजी म्हणाले होते, अपसव्य.
'खालून बघितलं तर सुलटा होईल की, मॅडम!'
होईल. मग हे चौघं उलटे होतील.
यावर रांगेकडं उत्तर नाही,
माझ्याकडंही नाही.

बुटक्या पोरांसाठी स्टूल धरून
दस्तगीरचाचा उभे आहेत, शाळेची घंटा वाजवणारे.
लहानपणी बिदरकडून आले,
एका बैलगाडीच्या मागं मागं चालत.
गाडी कुणाची, त्यांनाही आठवत नाही.
चाचा, बघा की तुम्ही.
'मोतीबिंदू हाय. मला दोन गुरू दिसतेल.'

रोज संध्याकाळी किल्ल्याच्या खंदकाकडेनं
अर्धं औसं फिरायला निघतं, डावीकडून उजवीकडं,
आणि चाचा उजवीकडून डावीकडं.
एकोणीस वर्षांपूर्वी बदलीवर आले तेव्हापासून बघते.
(तीन वर्षांसाठी आले होते.)
आज विचारलंच.
स्टूल न सोडता म्हणाले,
'तुमी समदे एकमेकाच्या पाठी बघत चालूलालेत.
मला समद्याची तोंडं दिसतेत.
एका फेरीत दोनदा.'

लाइट आली. मुलं ओरडली,
जशी चूक आकाशाची होती.
दुर्बीण पोत्यात गुंडाळली, कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी खंदकावर
मी उलटी वळले.
आधी धक्काच बसला: केवढी माणसं, समोरून,
अंगावर येणारी.
औषधाच्या दुकानातले हलकुडे, त्यांना एका डोळ्यानं कमी दिसतं
हे मला माहीतच नव्हतं.
नगरपालिकेतली सुनंदा, रडून आलेली, किंवा वाऱ्यानं.
पतपेढीचे दोघं, बोलणं थांबवून
मला वाट द्यायची की नाही, ठरवेनात.
सगळ्यांच्या कपाळावर एकच:
मॅडमचं काहीतरी बिनसलंय.

वळणावर, बुरुजापाशी, पुढं चालणारे चाचा.
त्यांचा चेहरा एकोणीस वर्षं पाठ होता.
पाठ कधी बघितली नव्हती.
स्वेटर उसवलाय उजव्या खांद्यावर,
कुणीतरी पांढऱ्या दोऱ्यानं टाके घातलेत,
घाईत, गाठी बाहेर ठेवून.